सलाईनच्या बाटलीत ताकद नसते

‘जनावर मलूल दिसतंय, एक सलाईन लावा, ताकद येईल.’ हा समज इतका मुरलेला आहे की बाटली न लावणारा डॉक्टरच कमी शिकलेला वाटतो.

बाटलीत असतं काय? साध्या सलाईनमध्ये लिटरमागे 9 ग्रॅम मीठ, बाकी निर्जंतुक पाणी. ऊर्जा शून्य. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम 85 किलोकॅलरी. 500 किलोच्या गाईला नुसतं जगायला दिवसाला दहा हजारांहून अधिक लागतात!

मग सलाईन निरुपयोगी का? मुळीच नाही. हगवणीने शरीरातलं पाणी आणि क्षार गेले, रक्तदाब घसरला, तर तीच जीव वाचवते. पण मात्रा पाहा: त्याच गाईच्या वजनाच्या 8 टक्के पाणी गेलं असेल, तर तूट 40 लिटरची. अर्ध्या लिटरच्या 80 बाटल्या! म्हणूनच मोठ्या जनावरांसाठी 3 ते 5 लिटरच्या पिशव्या विकल्या जातात. दुसरा मार्ग म्हणजे 7.2 टक्क्यांचं तीव्र सलाईन थोडं शिरेतून द्यायचं आणि लगेच भरपूर पाणी पाजायचं. जनावर गिळू शकत असेल, तर क्षारांचं पाणी तोंडावाटेही चालतं, आणि ते कितीतरी स्वस्त पडतं.

व्यायल्यावर आडवी पडलेली गाय बाटली लावताच उठते, हा पुरावा हमखास पुढे केला जातो. त्या बाटलीत बहुधा कॅल्शियम असतं. ते दुग्धज्वराचं, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटण्याच्या आजाराचं औषध आहे, सलाईन नव्हे. आणि घाईने सोडलं तर हृदय बंद पडू शकतं.