आटरझेवरील क्लिम्टचे सरोवरचित्रण

ऑस्ट्रियन चित्रकार गुस्ताव्ह क्लिम्ट (१८६२–१९१८) याने १९०० ते १९१६ या काळातील उन्हाळी मुक्कामांत आटरझे सरोवराच्या काठी तैलरंगात केलेली निसर्गचित्रे आणि ती करण्याची त्याची ठरलेली रीत. सोनेरी वर्खाच्या स्त्रीचित्रांमुळे क्लिम्टचे नाव सर्वदूर गेले. त्याच्या सुमारे पन्नास निसर्गचित्रांकडे मात्र बरीच वर्षे सुट्टीतला विरंगुळा म्हणूनच पाहिले गेले. हे बरोबर नाही. व्हिएन्नात तो व्यक्तिचित्रे आणि भित्तिचित्रे मागणीनुसार करी. सरोवर त्याला कोणी रंगवायला सांगितले नव्हते, तरी तो जवळजवळ दर उन्हाळ्यात कॅनव्हास घेऊन तिथे जाई.

आटरझे हे अप्पर ऑस्ट्रियातील झाल्त्सकामरगुट या डोंगर-सरोवरांच्या प्रदेशात आहे. लांबी सुमारे २० किमी, क्षेत्रफळ सुमारे ४६ चौ. किमी आणि कमाल खोली सुमारे १६९ मी. पूर्णपणे ऑस्ट्रियाच्या हद्दीत असलेले हे सर्वांत मोठे सरोवर होय. दक्षिणेला चुनखडीचे डोंगर थेट पाण्याला भिडतात, उत्तरेला मात्र काठ सखल आणि मोकळा आहे. पाण्यात चुन्याचे सूक्ष्म कण असल्याने उन्हात ते पिरोजी दिसते आणि ढग आले की काही मिनिटांत शिशासारखे करडे होते. रंगवणाऱ्याची खरी पंचाईत इथेच असते.

क्लिम्टला इथे आणले ते फ्ल्योगे कुटुंबाने. त्याचा धाकटा भाऊ अर्न्स्ट याचे लग्न हेलेने फ्ल्योगेशी झाले होते. अर्न्स्ट १८९२ मध्ये वारला आणि लहानग्या पुतणीचे पालकत्व क्लिम्टकडे आले. हेलेनेची बहीण एमिलिए ही व्हिएन्नात कपड्यांचे दुकान चालवणारी कल्पक शिवणकार आणि क्लिम्टची आयुष्यभराची सोबतीण. या गोतावळ्याबरोबर तो सुरुवातीची काही वर्षे उत्तर काठावरील लिट्सलबर्ग येथे उतरे. १९०८ ते १९१२ मध्ये मुक्काम कामर येथील व्हिला ओलिअँडरमध्ये असे आणि १९१४ ते १९१६ मध्ये दक्षिण टोकाच्या वायसेनबाख येथे. १९१३ चा उन्हाळा त्याने इटलीतील गार्डा सरोवरावर काढला.

तिथला त्याचा दिवस कसा जाई हे आपल्याला नेमके कळते, कारण व्हिएन्नातील त्याची मॉडेल आणि प्रेयसी मित्सी त्सिमरमान हिला लिहिलेल्या पत्रात त्याने तो जवळजवळ तासांच्या हिशोबाने मांडला आहे. सकाळी सहाच्या आसपास उठायचे. हवा चांगली असेल तर जवळच्या रानात जाऊन बीचची झाडे रंगवायची, ते आठपर्यंत. मग नाश्ता आणि सरोवरात पोहणे. त्यानंतर पुन्हा थोडे काम: ऊन असेल तर सरोवराचे चित्र, आभाळ असेल तर खोलीच्या खिडकीतून दिसणारे दृश्य. कधी सकाळचे चित्रण टाळून बाहेर बसून जपानी कलेची पुस्तके चाळायची. दुपारी जेवण, झोप किंवा वाचन, चहापर्यंत. चहाच्या आगेमागे बहुधा आणखी एक डुबकी. चहानंतर परत कॅनव्हासपुढे. त्या दिवसांत संधिप्रकाशात, वादळ भरून येताना दिसणारा एक मोठा पॉप्लर वृक्ष चालू होता. मग रात्रीचे जेवण आणि लवकर झोप. अधूनमधून अंग मोकळे करायला नाव वल्हवणे. पत्रात आळसाचे कौतुक पुष्कळ आहे, पण बेरीज केली तर दिवसातून तीन वेळा ब्रश हातात आहे.

या वेळापत्रकामागे तैलरंगाचे गणित आहे. जवसाच्या तेलात घोटलेला रंग सुकायला दिवसच्या दिवस घेतो. ओल्या थरावर घाईने दुसरा चढवला की दोन्ही मिसळून चिखल होतो, आणि क्लिम्टला तर ठिपक्यांसारखे सुटे फटकारे एकमेकांशेजारी स्वच्छ हवे असत. दुसरीकडे एकच उजेड कधी तासाहून जास्त टिकत नाही. तेव्हा उपाय एकच: अनेक कॅनव्हास एकाच वेळी चालू ठेवायचे आणि प्रत्येकाला त्याचा प्रहर नेमून द्यायचा. सकाळचे रान, उन्हातले पाणी, ढगाळ दिवसाचा काठ, संध्याकाळचे झाड. आठवडाभर पाऊस लागला तर काही कॅनव्हास तसेच भिंतीशी टेकून राहत. व्हिएन्नात परतताना अर्धवट चित्रे सोबत जात आणि उरलेले काम तिथल्या स्टुडिओत पुरे होई. म्हणजे ही चित्रे पूर्णपणे जागेवर बसून केलेली नाहीत. त्याने त्यांसाठी रेखाटनेही फारशी केलेली नाहीत. रंग थेट कॅनव्हासवरच लागे.

विषय शोधायला त्याच्याकडे एक साधे साधन होते: पुठ्ठ्याला पाडलेले चौकोनी भोक. ते डोळ्यासमोर धरून तो सकाळ-संध्याकाळ काठाने हिंडे. दृश्यातला जेवढा तुकडा त्यात बसेल तेवढेच चित्र. त्याची निसर्गचित्रे जवळजवळ सगळी चौरस आहेत, पुढची बरीचशी ११० × ११० सेंमी. आडव्या चौकटीत सरोवर आपोआप पसरते आणि डोळा क्षितिजाकडे जातो. चौरसात ती सोय नाही. नजर पृष्ठभागावरच अडकते आणि क्लिम्टला तेच हवे होते.

याचा सर्वांत धीट नमुना म्हणजे १९०० चे ‘आटरझेवर’ हे सुमारे ८० सेंमीचे चित्र. खालपासून जवळजवळ वरपर्यंत नुसते पाणी आहे. आडवे, आखूड पिरोजी आणि करडे-जांभळे फटकारे. खाली ते मोठे आणि विरळ, वर जातील तसे बारीक आणि दाट. अंतर दाखवण्याची जबाबदारी एवढ्यावरच टाकली आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यात बेटाचा गडद तुकडा आहे, तोही चौकटीने कापलेला. नाव नाही, माणूस नाही, आभाळाची जेमतेम पट्टी. समीक्षक लुडविग हेवेशी याने या चित्राचे वर्णन सरोवराच्या पाण्याने भरलेली चौकट असे केले, आणि त्याहून नेमके कुणी सांगितलेले नाही. छापील प्रतीत हे चित्र फसते: फटकाऱ्यांची जाडी जाते आणि उरतो निळसर कागद.

पुढे त्याने नजर पाण्यावरून पलीकडच्या काठाकडे वळवली. कामरचा वाडा, काठावरच्या उंटेराख गावाची घरे आणि चर्च ही चित्रे पाण्यापलीकडून घेतलेली आहेत. दूरचे टिपायला तो दुर्बीण वापरी, असे अभ्यासक मानतात. दुर्बिणीतून पाहिले की पुढची-मागची घरे एकमेकांवर दाबली जातात. उंटेराखच्या चित्रांत छपरे, भिंती आणि खिडक्या गोधडीच्या तुकड्यांसारख्या एका पातळीवर शिवलेल्या दिसतात त्याचे हे एक कारण. जपानी ठसाचित्रांचा आणि १९०३ मध्ये व्हिएन्नाच्या सेसेशन या कलावंतांच्या संस्थेने भरवलेल्या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रांच्या प्रदर्शनाचा प्रभावही उघड आहे, पण फ्रेंच दृक्प्रत्ययवादी मोनेची पाण्यावरची चंचल चमक क्लिम्टकडे नाही. त्याचे पाणी थांबलेले असते.

आटरझेचा गावकरी या पाहुण्याला ‘रानभूत’ म्हणे. पायघोळ निळा अंगरखा घालून, पुठ्ठ्याच्या भोकातून झाडांकडे टक लावणारा दाढीवाला माणूस पाहून दुसरे काय म्हणणार!

‘आटरझेवर’ हे चित्र आज व्हिएन्नाच्या लेओपोल्ड संग्रहालयात आहे. गार्डाकाठच्या माल्चेझिनेचे चित्र १९४५ मध्ये इमेनडोर्फच्या वाड्याला लागलेल्या आगीत गेले. ‘आटरझेवरील लिट्सलबर्ग’ नाझींनी एका ज्यू कुटुंबाकडून बळकावले होते. साल्झबर्गच्या संग्रहालयाने ते २०११ मध्ये वारसाला परत केले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ४ कोटी डॉलर मिळाले. आटरझेतील बेटाचे आणखी एक चित्र २०२३ मध्ये ५ कोटी ३० लाखांहून अधिक डॉलरना विकले गेले. कामर येथे २०१२ मध्ये क्लिम्टला वाहिलेले केंद्र सुरू झाले.