पुण्याची रिकामी जागा आणि कलम १५१-अ

गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ रोजी निधन झालं आणि पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली. ती भरली थेट ४ जून २०२४ च्या सार्वत्रिक निकालाने. मधले चौदा महिने पुण्याला लोकसभेत खासदारच नव्हता. याच शहरात मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर कसबा पेठ विधानसभेची पोटनिवडणूक जेमतेम दोन महिन्यांत, २६ फेब्रुवारी २०२३ ला झाली होती.

१९९६ पर्यंत पोटनिवडणूक अमुक दिवसांत घ्या, असं कायदा सांगतच नव्हता. निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीच्या १९९० च्या अहवालानंतर मुदतीचा आग्रह वाढला आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१-अ आलं. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक, हा नियम. अपवाद दोनच: त्या जागेची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा मुदतीत निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं असेल.

पहिला अपवाद निव्वळ तारखांचा हिशेब आहे. वर्ष मोजायचं ते जागा रिकामी झाल्या दिवसापासून. नवा खासदार निवडून येईल त्या दिवसापासून नव्हे. सोळाव्या लोकसभेची मुदत ३ जून २०१९ पर्यंत होती. कर्नाटकातल्या बेळ्ळारी, शिमोगा आणि मंड्याच्या जागा मे २०१८ मध्ये रिकाम्या झाल्या, म्हणून ३ नोव्हेंबरला मतदान झालं. आंध्रातल्या पाच खासदारांच्या जागा जूनमध्ये, वर्षापेक्षा कमी मुदत उरली असताना रिकाम्या झाल्या, म्हणून त्या तशाच राहिल्या. कर्नाटकातल्या विजेत्यांना सात महिनेसुद्धा मिळणार नव्हते, तरी निवडणूक झाली.

पुण्याच्या वेळी लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे साडेचौदा महिने बाकी. चंद्रपूरचे बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला गेले. तिथेही वर्षाच्या वर सतरा दिवस उरत होते. पहिला अपवाद दोन्हीकडे लागू नव्हता. मग दुसरा काढला गेला. पुण्याबाबत आयोगाचं म्हणणं असं, की यंत्रणा इतर निवडणुकांच्या तयारीत आहे आणि नव्या खासदाराला तीन-चार महिनेच मिळतील. दुसरं कारण कायद्यात कुठेच नाही. पहिलंही पटणारं नाही: अधिसूचनेनंतर अर्जांना सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर माघारीला दोन दिवस आणि प्रचाराला किमान चौदा, इतका वेळ कायद्याने पुरतो. सहा महिन्यांत हे बसत नाही असं कसं म्हणायचं?

मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौतम पटेल आणि न्या. कमल खाता यांच्या खंडपीठाने १३ डिसेंबर २०२३ ला ते प्रमाणपत्र रद्द करून तातडीने पोटनिवडणूक घ्यायला सांगितलं. ८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली; सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. एका मतदाराच्या याचिकेवर उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत जागा रिकामी होऊन साडेआठ महिने उलटले होते, आणि प्रमाणपत्राला आव्हान देण्यातली खरी अडचण हीच आहे. पुणेकरांनी मत दिलं ते १३ मे २०२४ लाच.