नेत्रपरीक्षा, शर्यतीच्या कबुतरांची

शर्यतीचे कबूतर वंशवाढीसाठी ठेवावे की नाही आणि ठेवले तर त्याची जोडी कोणाशी लावावी, हे त्याच्या डोळ्यातील रंग, वलये व रेषा भिंगातून पाहून ठरवण्याची पद्धत. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इंग्लंडमधील कबूतरपालकांत तिचा बराच बोलबाला झाला आणि तेथील प्रदर्शनांत डोळ्यासाठी वेगळी स्पर्धा ठेवण्याची प्रथा पडली. भारतातील शौकीन तिला ‘आय-साइन’ म्हणतात. नागपुरात ‘डोळा पाहणे’ एवढे म्हटले तरी भागते. डोळ्यावरून घरी परतण्याची क्षमता ओळखता येते, याला ग्राह्य धरता येईल असा पुरावा मात्र आजवर पुढे आलेला नाही. तरीही पद्धत टिकून आहे, आणि ती का टिकली हे शर्यतीच्या मोठ्या केंद्रांपेक्षा नागपूरसारख्या शहरात अधिक स्पष्ट दिसते.

महाल, इतवारी, मोमिनपुरा अशा जुन्या वस्त्यांतील गच्च्यांवर दिसणारी सगळीच कबुतरे शर्यतीची नसतात. ढाबळीवरच, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यावरच, तासन्‌तास उंच उडत राहणारी कबुतरे वेगळी आणि दूर नेऊन सोडल्यावर घर गाठणारी, म्हणजे होमर जातीची कबुतरे वेगळी. होमरच्या शर्यतींची देशातील मोठी केंद्रे चेन्नई आणि बंगळुरू. या दोन्ही शहरांपासून नागपूर हवाई अंतराने सुमारे ९०० किमी. तिकडून चांगल्या रक्ताचे प्रौढ कबूतर विकत आणले, तर ते नागपुरात मोकळे सोडता येत नाही. जिथे ते वाढले, त्या ढाबळीची ओढ त्याला सुटत नाही. सोडले की ते दक्षिणेकडे निघते. म्हणून असे कबूतर जन्मभर जाळीआड राहते आणि त्याच्याकडून फक्त पिल्ले घेतली जातात. त्याला उडवून पाहण्याची सोयच उरत नाही. खरेदीदाराच्या हाती राहतात वंशावळीचा कागद, अंगाची ठेवण आणि डोळा. कागद बनवता येतो, हाडे-पिसे तर जवळपास सगळ्याच होमरची बरी असतात. मग डोळ्याला महत्त्व येते.

डोळा पाहण्याची रीत : कबूतर डाव्या हातात असे धरतात, की त्याचे पाय दोन बोटांमध्ये आणि पंख अंगठ्याखाली राहतील, उजव्या हातात भिंग. जव्हेरी हिरा पाहायला वापरतात तेच दहापट मोठे दाखवणारे भिंग इथेही चालते. प्रकाश बाजूने यावा लागतो. समोरून ऊन पडले, की बाहुली आकसते आणि पाहायचे तेच बदलते.

भिंगातून प्रथम काळी बाहुली दिसते. तिला लागून एक बारीक कडे असते, कधी काळसर, कधी राखाडी, हिरवट किंवा जांभळट. सिद्धांताचे सगळे वजन या कड्यावर आहे. त्याबाहेर परितारिकेचा, म्हणजे बाहुलीभोवतीच्या पडद्याचा, मुख्य रंगीत भाग आणि अगदी कडेला आणखी एक गडद वलय. अनुयायांच्या मते आतले कडे बाहुलीभोवती पूर्ण फिरलेले, रुंद आणि करवतीसारख्या कातरलेल्या कडेचे असेल, तर पक्षी पिल्ले काढायला उत्तम. ते चोचीच्या बाजूलाच असेल किंवा खाली ओघळल्यासारखे दिसत असेल, तर पक्षी उडायला चांगला. त्यातही कोणत्या आकाराने वेग कळतो आणि कोणत्या आकाराने लांब पल्ला, यावर जाणकारांचे आपसात पटत नाही. एकाच पक्ष्याला दोन जाणकार दोन वेगळे निर्णय देतात, ही या पद्धतीची पहिली अडचण.

रंग आणि जोडी : जोडी लावताना सर्वाधिक पाळला जाणारा नियम असा, की दोन सारखे डोळे एकत्र आणू नयेत, पिवळ्या-नारिंगी डोळ्याला पांढरा किंवा जांभळट डोळा द्यावा. रंगांबाबत मात्र विज्ञान बरेच पुढे गेले आहे. रानटी पारव्याचा डोळा नारिंगी असतो. परितारिकेतील टेरिडिन वर्गाची रंगद्रव्ये पिवळेपणा देतात आणि रक्तवाहिन्या त्यात तांबूस छटा मिसळतात. ही रंगद्रव्ये नसली, की डोळा मोत्यासारखा पांढरा दिसतो. हा फरक एसएलसी२ए११बी या एका जनुकातील बदलामुळे होतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून दिसून आले. पांढरा डोळा अप्रभावी गुण असल्याने दोन पांढऱ्या डोळ्यांच्या पक्ष्यांना सहसा पांढऱ्याच डोळ्यांची पिल्ले होतात; नारिंगी डोळ्याचा पक्षी मात्र पांढऱ्याचे जनुक लपवून बाळगत असू शकतो. काळाभोर डोळा हा तिसरा प्रकार. तो बहुधा पांढऱ्या किंवा ठिपकेदार पिसाऱ्याच्या पक्ष्यांत आढळतो.

म्हणजे पिवळ्याला पांढरा जोडण्याच्या नियमाने पिल्लांच्या डोळ्यांचा रंग ठरतो, याहून अधिक काही ठरत असल्याचे दिसत नाही. नियमाचा आडवळणाने एक फायदा मात्र होत असावा. छोट्या ढाबळीत भावंडांच्या जोड्या नकळत लागत जातात आणि भावंडांचे डोळे पुष्कळदा सारखे असतात. वेगळ्या डोळ्याचा हट्ट धरणारा पालक त्यामुळे जवळच्या नात्यातली जोडी टाळतो. पिल्ले सुधारतात, श्रेय डोळ्याला मिळते.

सिद्धांतातील कच्चे दुवे : कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, अतिनील प्रकाशही जाणवतो. पण हे पाहणे परितारिका करत नाही; ती प्रकाश कमी-जास्त करणारा पडदा आहे. प्रतिमा उमटते मागच्या दृष्टिपटलावर. कबुतराच्या दृष्टिपटलात समोरचे व खालचे पाहण्यासाठी वेगळा ‘लाल’ भाग असतो, आणि तो कोणत्याही भिंगातून ढाबळीवर दिसत नाही. घरी परतण्याची विद्या तर एका इंद्रियाची नाहीच. सूर्याच्या स्थितीवरून दिशा ठरवणे, ढगाळ दिवशी पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार, वाऱ्यातून येणारे गंध आणि ओळखीच्या भूभागात रस्ते-नद्यांच्या खुणा, यांचा वाटा वेगवेगळ्या प्रयोगांतून पुढे आला आहे. पाठीवर लोहचुंबक लावलेली कबुतरे ढगाळ दिवशी भरकटतात, हे अमेरिकेतील संशोधक विल्यम कीटन यांनी १९७१ मध्ये दाखवले. गंधाची भूमिका इटलीतील फ्लोरियानो पापी यांच्या गटाने १९७२ मध्ये मांडली.

दुसरा कच्चा दुवा वयाचा. पिल्लाचा डोळा आधी मळकट तपकिरी असतो, रंग पुढे काही महिन्यांत उतरतो आणि बारकावे त्यानंतरही भरत राहतात. चार-पाच वर्षांच्या विजेत्याचा भरदार डोळा दाखवून ‘पाहा, म्हणून जिंकला’ म्हणणारे हा हिशेब सोडून देतात. त्यातून हरलेल्या पक्ष्यांचे डोळे कोणी पाहतच नाही. ते परत आलेलेच नसतात. शिवाय पक्ष्यांच्या परितारिकेत पट्टकी स्नायू असल्याने बाहुली क्षणात लहान-मोठी होते. घाबरलेला आणि शांत बसलेला तोच पक्षी दोन वेगळी कडी दाखवतो, आणि अनोळखी हातात पकडलेला पक्षी शांत नसतोच.

उपयोग : एवढे असूनही डोळा पाहूच नये, असे कोणी म्हणणार नाही. डोळ्यात पाणी, एकाच डोळ्याला सूज, पापणीला चिकटा ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणे असतात. असा पक्षी जोडीत घालण्याआधी पशुवैद्याला दाखवावा. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने ही सोय शहरातच आहे. दोन बाहुल्या असमान असणे, प्रकाशाला उशिरा प्रतिसाद देणे, रंग एकाएकी फिका पडणे हेही दुर्लक्षिण्यासारखे नाही. डोळ्याभोवतीची कातडी वयानुसार जाड, पांढरट व खरबरीत होते, त्यामुळे ‘दोन वर्षांचा’ म्हणून विकायला आणलेला पक्षी खरा किती वयाचा असावा, याचा अंदाज येतो. विक्रेते भिंगातील वलयांवर बोलत राहतात. शहाणा खरेदीदार या कातडीकडे आणि पायातल्या, जन्मवर्ष कोरलेल्या कड्याकडे पाहतो.

आणलेल्या पक्ष्याची खरी परीक्षा त्याच्या पिल्लांत होते. मादी एका वेळी दोन अंडी घालते, सुमारे १८ दिवसांत पिल्ले फुटतात आणि आठवड्याच्या आसपास, पंजा लहान असतानाच, पायात बंद कडे चढवतात. नर एकच ठेवून दोन माद्यांशी आळीपाळीने जोडी लावली, तर पिल्लांतील गुण नराकडून आले की मादीकडून, हे कळायला मदत होते. नागपुरात जन्मलेली ही पिल्ले नागपूरलाच घर मानतात, म्हणून त्यांना मोकळे सोडता येते. दक्षिणेची दिशा धरली, तर आधी ढाबळीभोवती, मग चार-पाच किमीवरून, पुढे बुटीबोरी (हवाई अंतर सुमारे २५ किमी), हिंगणघाट (७०) आणि चंद्रपूर (१३५) असे टप्पे वाढवता येतात. उन्हाळ्यात हे काम बंद ठेवावे लागते. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि अशा उन्हात चांगले पक्षीही वाटेत बसतात. संक्रांतीच्या आसपास मांजाचा धोका, हिवाळाभर शिकरा व बहिरी ससाण्याचा. न परतलेले पिल्लू कमी कुवतीचे होते की मांजात अडकले, हे कळत नसल्याने एका जोडीच्या दोन-चार पिल्लांवरून निकाल देणे घाईचे ठरते. निदान दोन हंगामांची नोंद हवी.

डोळ्याचा सिद्धांत तपासून पाहायचा असेल, तर याच नोंदवहीत ते साधते. पिल्लू पहिल्यांदा लांब सोडण्याआधी त्याच्या डोळ्याचे सारख्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे, पायातल्या कड्याच्या क्रमांकासह आपला अंदाज लिहून ठेवावा आणि हंगाम संपेपर्यंत ते पान उघडू नये. न परतलेल्यांचे डोळेही त्यामुळे हिशेबात येतात.