एकट्याची पाळी : जळगावच्या टॉवरमागची पार्श्वभूमी

जळगावचे विमान सुरू झाले, बंद पडले, पुन्हा सुरू झाले. डिसेंबर 2017 मध्ये उडान योजनेतली मुंबई सेवा आली, 2019 मध्ये दुसऱ्या कंपनीने अहमदाबाद आणि मुंबई जोडली, एप्रिल 2024 पासून गोवा आणि हैदराबाद व पाठोपाठ पुणे मिळाले. दर वेळी चर्चा झाली ती तिकिटाची, वेळेची आणि 1,700 मीटरच्या धावपट्टीची. विमानांना उतरायची-उडायची परवानगी देणारे नियंत्रक ज्या टॉवरमध्ये बसतात, तिथे किती माणसे बसतात, किती तास बसतात, हे कुणी विचारले नाही. खरे तर नवी फेरी झेपणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

जळगाव विमानतळाची, म्हणजे कुसुंब्याची, मूळ धावपट्टी 1973 ची, राज्याच्या बांधकाम खात्याने केलेली. पुढे ती पालिकेकडे, मग राज्याच्या कंपनीकडे आणि 2009 च्या करारानंतर केंद्रीय संस्थेकडे गेली. मार्च 2012 मध्ये नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. धुळ्याजवळच्या गोंदूरची धावपट्टीही सत्तरच्या दशकातलीच. टॉवर नसलेल्या अशा अनियंत्रित धावपट्ट्यांवर वैमानिक रेडिओवर आपली जागा सांगत राहतात आणि एकमेकांना सांभाळून उतरतात. अंतर राखण्याची जबाबदारी त्यांचीच.

देशात नियंत्रक आधी थेट हवाई वाहतुकीच्या नियामक खात्याचेच नोकर होते. 1986 मध्ये हे काम वेगळ्या प्राधिकरणाकडे गेले आणि 1995 मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय विमानतळांच्या संस्थेशी विलीनीकरण झाले. पुढच्याच वर्षी, 12 नोव्हेंबर 1996 ला, हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने धडकून 349 माणसे गेली. त्यानंतर नवे रडार आले, विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मार्ग वेगळे झाले. ही सुधारणा मोठी होती, पण ती यंत्रांची होती. पाळीचा प्रश्न जगाच्या ऐरणीवर यायला आणखी एक अपघात घडावा लागला.

1 जुलै 2002 च्या रात्री दक्षिण जर्मनीत उबरलिंगेनवर एक प्रवासी आणि एक मालवाहू विमान धडकले. 71 मृत्यू. ते आकाश झुरिकहून सांभाळले जात होते. रात्रपाळीला दोघे होते, पण गर्दी ओसरली की एकाने विश्रांतीला जायचे, ही तिथली जुनी पद्धत. व्यवस्थापनाला ती ठाऊक होती आणि चालत होती. त्या रात्री देखभालीमुळे मुख्य फोन बंद होते, रडारची यंत्रणा कमी क्षमतेवर चालली होती. उरलेला एकटा नियंत्रक दोन टेबलांमध्ये ये-जा करत होता. एक उशिरा आलेले विमान शेजारच्या विमानतळावर उतरवायचे होते, त्या विमानतळाचा फोन लागेना, आणि तेवढ्यात दुसऱ्या पडद्यावर दोन ठिपके एकाच उंचीवर जवळ येत गेले.

लोकांनी पहिले बोट त्या नियंत्रकाकडे दाखवले. 2004 मध्ये अपघातात कुटुंब गमावलेल्या एका माणसाने त्याचा खून केला. 2007 मध्ये स्विस न्यायालयाने मात्र नियंत्रण कंपनीच्या चौघांना दोषी धरले. तिघांना स्थगित कैद, एकाला दंड. माझ्या मते या क्षेत्राच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निकाल हाच. टेबलावर कोण होता, याच्याआधी त्याला एकटा कुणी ठेवला, हे त्यात विचारले गेले. शिक्षा फार सौम्य, असे म्हणणारे आहेत. एवढ्या वरपर्यंत दोष नेणे चूक, असेही काहींचे मत आहे. पण ‘रात्री वाहतूक कमी असते, एकटा पुरे’ हा युक्तिवाद मला तेव्हापासून निकालात निघालेला वाटतो.

तरीही तो चालूच राहिला. ऑगस्ट 2006 मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनला पहाटे एक विमान चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उडायला गेले आणि 49 जण दगावले. चूक वैमानिकांची होती, पण दोन नियंत्रकांचा दंडक असताना टॉवरमध्ये एकच होता. मार्च 2011 मध्ये वॉशिंग्टनच्या टॉवरमधला एकटा नियंत्रक झोपी गेला आणि दोन विमाने टॉवरच्या परवानगीविना उतरली. त्यानंतर तिथे एकट्याची रात्रपाळी बंद झाली. ब्रिटनमध्ये सलग दोन तासांनंतर अर्धा तास विश्रांतीचा नियम आधीपासूनच होता. नोव्हेंबर 2020 पासून नियंत्रकांच्या थकव्याचे नियमन हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. भारतानेही कामाच्या तासांना मर्यादा घातली, पण ऑगस्ट 2025 मध्ये संसदीय समितीच्या अहवालाने नियंत्रकांच्या तुटवड्यावर आणि याच मर्यादेतून घेतलेल्या सवलतीवर बोट ठेवले. माणसे कमी म्हणून थकव्याचा नियम सैल करणे, हे मला कुठल्याच कारणाने पटत नाही.

जळगावसारख्या ठिकाणी हे गणित फार घट्ट बसते. टॉवर रोज 14 तास उघडा ठेवायचा तर आठवड्याचे 98 तास होतात. विश्रांती आलटून-पालटून देता यावी म्हणून दोघे धरले तर 196. चाळीस तासांच्या आठवड्याने पाच माणसे, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले की सहा-सात. मुंबईहून कुणाला पाठवू म्हटले तर तेही लगेच जमत नाही, कारण नियंत्रकाचे रेटिंग, म्हणजे काम करण्याची पात्रता, त्या-त्या ठिकाणापुरते असते. नव्या टॉवरवर आधी देखरेखीखाली काम, मग परीक्षा, आणि त्यानंतरच माइक हातात. शिवाय पाळी बदलताना वारा, हवेचा दाब, वापरातली धावपट्टी, हवेतली विमाने हे सगळे येणाऱ्याला नीट सांगून मगच जाणाऱ्याने उठायचे असते. संध्याकाळचे विमान दीड तास उशिरा निघाले की टॉवरची वेळ तेवढी वाढवावी लागते आणि त्या माणसाची ड्यूटीही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाला त्यालाच बसवायचे की नाही, हे त्या रात्रीच ठरवावे लागते.