ब्रेकरला न दिसणारे 40 अँपिअर

अमेरिकेतल्या बहुतेक घरांत तळघरात किंवा गॅरेजमध्ये भिंतीला एक राखाडी लोखंडी पेटी असते. घराची सगळी वीज तिच्यातून फिरते. आत धातूची जाड पट्टी असते, तिला बसबार म्हणतात. पट्टीच्या एका टोकाला मेन ब्रेकर, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडणारा मुख्य स्विच, आणि पुढे एसी, ड्रायर, स्वयंपाकघर अशा एकेका सर्किटचे लहान ब्रेकर. पट्टीची क्षमता 200 अँपिअर आणि मेनही 200 चा, ही तिथली नेहमीची जोडी. घरात कितीही उपकरणे एकदम चालू केली तरी 200 च्या पलीकडे भार टिकू लागला की मेन पडतो आणि पट्टी वाचते. पण हे संरक्षण एकाच अटीवर चालते: वीज फक्त मेनमधून आली पाहिजे.

छतावर सोलर बसवला की ती अट मोडते. सोलरची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्रातून, म्हणजे इन्व्हर्टरमधून, निघालेली वीज याच पेटीत एका ब्रेकरमधून उलट दिशेने शिरते. आता उन्हाळ्यातली एक दुपार धरा. एसी जोरात, ड्रायर सुरू, गॅरेजमध्ये गाडी चार्ज होते आहे, आणि एकूण मागणी 240 अँपिअरवर गेली आहे. त्यातले 200 मेनमधून येतात, 40 छतावरून. मेनला 200 च दिसतात, म्हणून तो पडत नाही. सोलरच्या ब्रेकरला त्याचे 40 च दिसतात, तोही शांत. सोलरचा ब्रेकर मेनच्या अगदी शेजारी बसवलेला असेल, तर त्याच्या पुढच्या पट्टीतून पूर्ण 240 अँपिअर वाहतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह 1.2 पट झाला की उष्णता 1.44 पट होते. आणि ही बेरीज मोजणारे त्या पेटीत कोणीच नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने याचे उत्तर शोधले आहे. ही संहिता पहिल्यांदा 1897 मध्ये निघाली, दर तीन वर्षांनी सुधारली जाते, आणि राज्यांनी किंवा स्थानिक प्रशासनांनी स्वीकारली की तिला कायद्याचे बळ मिळते. सोलरसाठी कलम 690 तिच्यात 1984 मध्ये आले. इन्व्हर्टर पेटीला जोडण्याचे नियम मात्र कलम 705 मध्ये आहेत, आणि त्यातला इलेक्ट्रिशियनांच्या तोंडी असलेला नियम म्हणजे ‘120 टक्के’. मेन ब्रेकरचा आकडा अधिक इन्व्हर्टरच्या प्रवाहाची सव्वापट, ही बेरीज पट्टीच्या क्षमतेच्या 120 टक्क्यांवर जाता कामा नये. आणि सोलरचा ब्रेकर मेनच्या विरुद्ध टोकाला हवा.

मला यातली दुसरी अट फार सुंदर वाटते, कारण नुसती जागा बदलून ती काम साधते. एका टोकाकडून 200, दुसऱ्या टोकाकडून 40. वाटेत प्रत्येक सर्किट आपापला वाटा उचलते, त्यामुळे दोन्ही प्रवाह कमी कमी होत मध्ये कुठेतरी भेटतात. मग घराची मागणी 240 असली तरी पट्टीच्या कोणत्याही तुकड्यातून 200 पेक्षा जास्त वाहत नाहीत. असे असेल तर 120 ची मर्यादा कशाला? पट्टीचा तुकडा सुरक्षित असला तरी बंद पेटीत एकूण उष्णता वाढतेच, आणि ब्रेकर स्वतः उष्णतेवर चालणारे असतात. शिवाय उद्या कोणी नवे सर्किट टाकताना सोलरचा ब्रेकर उचलून भलतीकडे बसवला तर? म्हणूनच ‘हा ब्रेकर हलवू नये’ अशी इशाऱ्याची चिठ्ठी त्याच्याजवळ चिकटवणे सक्तीचे आहे. कोणाच्या घरात ती दिसली तर खरवडून काढू नका.

आता गणित. 200 चे 120 टक्के 240. मेनचे 200 वजा केले की 40 उरतात. सव्वापटीची अट आहे कारण इन्व्हर्टर तासन्‌तास पूर्ण क्षमतेने चालतो. म्हणून प्रत्यक्ष प्रवाह 40 भागिले 1.25, म्हणजे 32 अँपिअर, आणि 240 व्होल्टला 7.68 किलोवॅट. अमेरिकी बाजारात 7.6 किलोवॅटचे इन्व्हर्टर इतके का दिसतात, ते या आकड्यावरून कळते. जुन्या घरातल्या 100 अँपिअरच्या पेटीत हीच मर्यादा 3.84 किलोवॅटवर येते. तेव्हा घराचा भार झेपत असेल तर मेन लहान करतात, नाहीतर पेटीच बदलतात, किंवा सोलरची जोडणी मेनच्या आधी, मीटरच्या बाजूला घेतात. 200 च्या जागी 175 चा मेन टाकला तर सोलरसाठी 65 अँपिअर मोकळे होतात. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी कुटुंबाला ‘आधी पॅनेल बदला’ (पॅनेल म्हणजे हीच विजेची पेटी) असा खर्चिक सल्ला मिळाला, तर मेन लहान करून चालेल का, हे आधी विचारावे.

महाराष्ट्रात हा नियम लागू नाही, पण तांबे इथेही तसेच तापते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेनंतर इथल्या छतांवरही सोलर वाढला आहे. 3 किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर 230 व्होल्टला साधारण 13 अँपिअर देतो, त्याला 20 चा एमसीबी (आपल्याकडचा लहान ब्रेकर) पुरतो. जोडणी घरातल्या डीबीत, म्हणजे ब्रेकरच्या पेटीतच होणार असेल, तर इलेक्ट्रिशियनला झाकण उघडायला सांगून बसबारची क्षमता विचारा. मेनचा आणि सोलरचा एमसीबी, या दोन आकड्यांची बेरीज त्या क्षमतेच्या आत बसली, तर सोलरचा एमसीबी कोणत्या टोकाला आहे याने पट्टीला काही फरक पडत नाही.