‘उत्साही’साठी इंग्रजी शब्द निवडताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे भाषांतरासाठी येणाऱ्या मराठी मजकुरात, मग तो नोकरीचा अर्ज असो, निवृत्तीचे मानपत्र असो किंवा एखाद्या उत्पादनाची जाहिरात असो, ‘उत्साही’ हा शब्द बहुधा असतोच, आणि त्याच्या जागी सगळीकडे ‘एनर्जेटिक’ हा एकच शब्द का वापरला नाही, असे अनेक ग्राहक आम्हाला विचारतात. मराठीत आपण चुणचुणीत मुलगी म्हणतो, परंतु चुणचुणीत आजोबा म्हणत नाही; फूल टवटवीत असते, चेहरा तरतरीत असतो आणि फळ रसरशीत असते. इंग्रजी शब्दांच्याही अशाच जोड्या रूढ आहेत, आणि त्या मोडल्या की व्याकरण बिनचूक असूनही वाक्य परके वाटते.

‘एनर्जी’चे मूळ ‘एनर्गेइया’ या ग्रीक शब्दात असून त्यातील ‘एर्गॉन’चा अर्थ काम असा आहे. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी 1807 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत ‘एनर्जी’ हा शब्द भौतिकशास्त्रीय अर्थाने वापरला. ‘एनर्जेटिक’मध्ये आजही न थकता काम किंवा हालचाल करण्याची ताकद अभिप्रेत असते. उमेदवाराला त्या कामाची मनापासून ओढ आहे, असे सांगायचे असेल तर आम्ही ‘एन्थुझिअॅस्टिक’ लिहितो. या शब्दाचे ग्रीक मूळ देवाने झपाटलेल्या माणसाविषयीचे, म्हणजे आपल्याकडच्या अंगात येण्याच्या फार जवळचे आहे, आणि सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लंडमध्ये धार्मिक अतिरेकाला नाव ठेवण्यासाठी तो वापरला जाई. आज मात्र ती निखळ प्रशंसा आहे, त्यामुळे अर्जात तो निःशंकपणे वापरावा.

‘अॅक्टिव्ह’विषयी सर्वाधिक गैरसमज आढळतो. आपण हुशार, चटपटीत मुलाला सहज ‘अॅक्टिव्ह’ म्हणतो. इंग्रजीत त्यातून केवळ मूल सतत हालचाल करते एवढेच कळते, त्याच्या हुशारीचा बोध होत नाही.

‘व्हिगरस’ हा शब्द स्वभावापेक्षा कृतीच्या जोरासाठी अधिक चपखल बसतो: बाटली जोराने हलवणे, कडाडून विरोध करणे, दमवणारा व्यायाम करणे. आरोग्यविषयक मजकुरात तर तो मोजमापाचा शब्द आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे ‘व्हिगरस’ तीव्रतेची शारीरिक हालचाल सुचवलेली आहे, आणि तेथे केवळ शब्दाची पुनरुक्ती टळावी म्हणून ‘एनर्जेटिक’ घातले तर सूचनेचा नेमकेपणाच जातो.

मानपत्रांत वयाचे भान विशेष ठेवावे लागते. ‘स्प्राइटली’ (चपळ, उत्साही) हा शब्द प्रेमळ असला तरी त्यात ‘वयाच्या मानाने’ हा भाव दडलेला असतो. म्हणून तो तिशीतल्या माणसाला शोभत नाही, आणि साठीच्या सत्कारमूर्तीलाही कधीकधी खुपतो. अशा वेळी ‘लाइव्हली’ आम्हाला अधिक सुरक्षित वाटतो. ‘ब्रिस्क’ (झपाझप) चाल किंवा ‘ब्रिस्क’ विक्री उत्तमच, परंतु स्वागतकक्षातील व्यक्तीच्या वागण्याला तो शब्द लावला तर ती तुटकपणे बोलते, असाही अर्थ निघू शकतो.

‘एग्झ्युबरंट’ हा आमचा विशेष आवडता शब्द आहे. त्याच्या मुळाशी असलेला लॅटिन ‘उबेर’ म्हणजे कास, त्यामुळे पान्हा फुटल्यासारखा ओसंडून वाहणारा आनंद त्यात आहे. मुलांच्या कार्यक्रमाच्या वर्णनात तो खुलतो, वार्षिक अहवालात मात्र उथळ वाटतो. ‘हेक्टिक’ हा शब्द पूर्वी क्षयरोग्याच्या तापासाठी वापरत; आजही त्यात दमछाक आहे, म्हणून आनंदाच्या लगबगीसाठी तो आम्ही वापरत नाही.

मजकूर पाठवताना ‘उत्साही’, ‘सळसळता’, ‘जोमदार’ असे शब्द अधोरेखित करून ते कोणाविषयी आहेत, त्या व्यक्तीचे वय साधारण किती आहे आणि मजकूर कोण वाचणार आहे, हे समासात लिहावे, अशी विनंती आहे. मसुदा परत करताना आम्ही प्रत्येक निवडीचे कारण त्याच समासात नोंदवून देतो; ते पटले नाही तर अंतिम प्रत तयार होण्यापूर्वी जरूर कळवावे.