‘नवीन विंडोज टाकून द्या’: एका मागणीची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नियमित सुरक्षा-अपडेट, संपला आणि ठाण्यातल्या नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंतच्या ओळखीच्या सोसायट्यांमधून मला एकाच धाटणीचे फोन येऊ लागले. "स्क्रीनवर काहीतरी सूचना येतेय, नवीन विंडोज टाकून द्या." मागणी साधी आहे. ती पुरी करताना जे अडतं ते मात्र जुनं, वीस-पंचवीस वर्षं साठत आलेलं.

विंडोज एक्सपी २००१मध्ये आली आणि ठाण्यातल्या दुकानांत, क्लासेसमध्ये, सोसायट्यांच्या ऑफिसांत पक्की रुजली. विंडोज ७ आली २००९ला, पण एक्सपीवरून थेट तिच्यावर जायची सोयच नव्हती. कोरी विंडोज टाकायची, मग एकेक प्रोग्रॅम, प्रिंटर वगैरे चालवणारा एकेक ड्रायव्हर पुन्हा. एवढा व्याप कोण करणार? ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा सपोर्ट थांबला, तरी कितीतरी मशीन तशाच चालत राहिल्या.

मराठीचं दुखणं आणखी वेगळं. एक्सपीत देवनागरी नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एका चौकोनात टिक करावी लागे, आणि ती केली की मशीन विंडोजची मूळ सीडी मागे. ती सहसा हाताशी नसे. मग ‘किती’तल्या ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसे, जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ही सोय आतच मिळू लागली. पण तोवर लोकांनी नोटिसा, पत्रं, सभांची इतिवृत्तं युनिकोड नसलेल्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या फाँटमध्ये टाइप करून ठेवली होती. विंडोज बदलताना तो फाँट मागे राहिला की वर्षानुवर्षांची इतिवृत्तं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा होऊन समोर येतात. फाइल शाबूत असते, माणूस मात्र हादरतो. अशा वेळी "काही गेलेलं नाही, फक्त फाँट टाकायचाय" हे आधी सांगावं, मगच कीबोर्डला हात लावावा.

विंडोज १० आली २९ जुलै २०१५ला. विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना ती वर्षभर फुकट होती. देणं चांगलं, पण आग्रह नको तितका. २०१६मध्ये तर अपग्रेडची ती सूचना लाल फुलीवर क्लिक करून बंद केली, तरी ठरलेली वेळ रद्द होत नसे. रात्री बंद केलेला संगणक सकाळी वेगळ्याच रूपात उघडे. अपडेटची जी धास्ती आज ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर दिसते, तिचं मूळ माझ्या मते इथे आहे. ऑक्टोबर २०१८च्या अपडेटने तिच्यात भर घातली. डॉक्युमेंट्सचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलेल्या काही जणांच्या जुन्या जागी उरलेल्या फाइली त्यात पुसल्या गेल्या, आणि ते अपडेट काही दिवसांतच थांबवावं लागलं. ‘सीमध्ये काही ठेवू नका, सगळं डीमध्ये’ असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. त्या सल्ल्याने वागणाऱ्यांवरच ही वेळ यावी, हे मला फार लागलं.

विंडोज ११ने २०२१मध्ये अट घातली: टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची चिप) हवं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ही पिढी २०१७ची. त्याआधीचे ठणठणीत पीसी बाद झाले. काही मशीनमध्ये मात्र टीपीएम असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद. इंटेलच्या बोर्डवर ते ‘पीटीटी’ या नावाखाली सापडतं. ते चालू करण्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची) ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घ्यायचीच. नाहीतर पुढच्या वेळी सुरू होताना मशीन तीच मागून अडून बसू शकतं.

नौपाड्यातल्या एका सोसायटीत मेंटेनन्सची बिलं अजून डॉसवरच्या (विंडोजच्या आधीच्या काळातल्या) प्रोग्रॅममधून, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात. ३२ बिटच्या विंडोज १०वर तो प्रोग्रॅम चालायचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, तिथे तो उघडत नाही.

"मग पुढच्या महिन्याची बिलं?" सचिवकाकांनी विचारलं.

"काका, जुनं मशीन फक्त बिलांना ठेवू. त्याची इंटरनेटची वायर काढून टाकतो. ईमेल आणि बँकेचं सगळं नव्यावर."

डी ड्राइव्हची नक्कल दोन पेनड्राइव्हवर घेतली. दोन्हींतून एकेक इतिवृत्त उघडून दाखवलं, तेव्हा काकांचा जीव भांड्यात पडला. एक पेनड्राइव्ह त्यांनी सोसायटीच्या शिक्क्याशेजारी कपाटात ठेवला, दुसरा खजिनदारांच्या घरी पाठवला.